तिलिस्म, छापखाना आणि वाचक : देवकीनंदन खत्री यांची लेखनवाटचाल

देवकीनंदन खत्री (१८६१-१९१३) यांच्याविषयी रामचंद्र शुक्ल यांनी ‘हिंदी साहित्य का इतिहास’ (१९२९) या ग्रंथात दिलेला निर्णय दुहेरी आहे. खत्रींनी हिंदीला जितके वाचक मिळवून दिले तितके अन्य कोणाही ग्रंथकाराने दिले नाहीत, ‘चंद्रकांता’ वाचता यावी म्हणून कित्येक उर्दूजाणत्यांनी हिंदी आत्मसात केली, हे शुक्ल मोकळेपणाने मान्य करतात; परंतु घटनावैचित्र्यापलीकडे या कादंबऱ्यांचे काही उद्दिष्ट नसल्याने त्या साहित्याच्या कोटीत येत नाहीत, असेही ते बजावतात. वाङ्मयेतिहासाला ज्या लेखकास वगळता येत नाही आणि धड सामावूनही घेता येत नाही, असा हा लेखक आहे. ही अडचण लेखकाची की इतिहासाच्या निकषांची, हे पाहण्यासाठी त्याच्या ग्रंथव्यवहाराकडे वळणे आवश्यक ठरते.

खत्री हे व्यवसायाने साहित्यिक नव्हते. बिहारमधील पूसा येथे जन्मलेला, गया येथे व्यापार केलेला हा गृहस्थ काशीस स्थिरावला आणि काशीनरेशांच्या कृपेने चकिया व नौगढ येथील जंगलांचे ठेके त्याला मिळाले. त्या निमित्ताने विंध्याच्या डोंगरराईतील दऱ्या, गुहा, ओसाड गढ्या त्याच्या नित्य परिचयाच्या झाल्या. नौगढ, विजयगढ, चुनार ही कादंबरीतील राज्ये नकाशावर दाखविता येतात. अद्भुताची सृष्टी कोठल्याशा अनामिक देशात न वसवता वाचकाच्या शेजारच्या जिल्ह्यात वसविणे हा निर्णय साधा वाटतो, पण त्याचे परिणाम दूरगामी आहेत.

‘चंद्रकांता’चा पहिला भाग १८८८च्या सुमारास काशीत छापला गेला. चार भागांची ही कथा लोकप्रिय होताच १८९४पासून ‘चंद्रकांता संतति’ निघू लागली आणि दहाएक वर्षांत तिचे चोवीस भाग झाले. दरम्यान १८९८मध्ये खत्रींनी स्वतःचा लहरी प्रेस सुरू केला. प्रारंभी दुसऱ्याच्या छापखान्यावर अवलंबून असलेला लेखक आता आपल्या कथेचा मुद्रक आणि प्रकाशक झाला. राजाश्रय नाही, पाठ्यपुस्तकसमितीचा आधार नाही. पुढील भाग विकला जाईल या भरवशावर मागील भाग संपवायचा, असा हा व्यवहार होता. खत्रींच्या रचनातंत्रातील बहुतेक वैशिष्ट्ये (प्रकरणाच्या शेवटी अडवून धरलेले रहस्य, एकात एक गुंतलेली उपकथानके, मृत समजलेल्या पात्राचे पुनरागमन) या व्यवहाराशी निगडित आहेत. प्रकरणांना ते ‘बयान’ म्हणतात, हेही अर्थपूर्ण आहे. सांगणाऱ्याचा आवाज छापील पानावर टिकवून धरण्याचाच तो प्रयत्न दिसतो.

हा आवाज कोठून आला, याविषयी संदेह नाही. लखनौच्या नवलकिशोर प्रेसने अमीर हमजाच्या दास्तानीचे शेहेचाळीस खंड छापले. त्यांतील मुहम्मद हुसेन जाह यांच्या ‘तिलिस्म-इ-होशरुबा’चे प्रकाशन १८८३मध्ये सुरू झाले होते. ऐयार आणि तिलिस्म ही दोन्ही खत्रींना मिळालेली देणगी तेथील आहे. तथापि त्यांनी एक मूलभूत फेरफार केला. दास्तानीतील तिलिस्म जादूगारांच्या बळावर उभे राहते, खत्रींचे तिलिस्म कारागिरांच्या. फिरत्या भिंती, कळ दाबताच उघडणारी तळघरे, चालत्याबोलत्या पुतळ्या या सर्वांमागे शेवटी यंत्र निघते. ऐयारांच्या झोळीतही मंत्र नसतो. बेशुद्धीचे चूर्ण, शुद्धीवर आणणारा लखलखा आणि वेषांतराचे साहित्य असते. चपलासारख्या स्त्रियाही हे कसब पुरुषांच्या तोडीने जाणतात. अद्भुताला बुद्धिगम्य कारण देण्याची ही ओढ आगगाडी आणि तारायंत्र पाहिलेल्या पिढीची आहे.

या कथा संभवनीय आहेत की नाहीत, यावर वृत्तपत्रांतून वाद झडला. ‘संतति’च्या अखेरीस खत्रींनी त्याला दिलेले उत्तर समीक्षादृष्ट्या मोलाचे आहे. पंचतंत्र-हितोपदेशाच्या शक्याशक्यतेची चिकित्सा कोणी करीत नाही, हा त्यांचा एक मुद्दा. काल अशक्य वाटलेले आज शक्य झाले आहे, हा दुसरा. हे दोन मुद्दे एकमेकांना छेद देतात. पहिला कल्पिताच्या स्वायत्ततेचा, दुसरा वास्तवाच्या सीमेचा. खत्रींना दोन्ही हवे होते, आणि त्यांच्या कादंबऱ्यांची घडण याच द्विधेतून झाली आहे.

त्याच समारोपात ते भाषेविषयीही बोलतात. आरंभी कोशाची गरज पडू नये अशी उर्दूमिश्रित सुगम भाषा योजावयाची आणि वाचक रुळत जाईल तसतशी ती बदलत न्यावयाची, असे त्यांचे धोरण होते. नागरी प्रचारिणी सभेची स्थापना १८९३ची. वायव्य प्रांतांच्या कचेऱ्यांत नागरी लिपीला मुभा देणारा हुकूम १९००चा. म्हणजे सभा आणि सरकार यांच्या आधीच एका रंजक कादंबरीने नागरी वाचणारा समुदाय जमवावयास प्रारंभ केला होता. शुक्लांनी ही कामगिरी नोंदविली, परंतु वाचकनिर्मितीला वाङ्मयीन मूल्यविचारात जागा दिली नाही.

मराठी अभ्यासकाला हा प्रश्न परका नाही. ‘मुक्तामाला’ (१८६१), ‘मंजुघोषा’ (१८६८) यांना आपल्याकडे कादंबरीचे बाल्य समजण्याची प्रथा आहे. हरिभाऊ आपटे आले आणि ते बाल्य सरले, अशी मांडणी केली जाते. परंतु १८९०मध्ये ‘करमणूक’मधून ‘पण लक्षात कोण घेतो’ क्रमशः येऊ लागली तेव्हा काशीत ‘चंद्रकांता’ वाचली जात होती. वास्तवकथा आणि अद्भुतकथा या दोन भाषांत समकालीन होत्या. एकीला दुसरीची पूर्वावस्था ठरविणारा विकासक्रम हा इतिहासकाराने मागाहून घातलेला आहे. हप्त्याहप्त्याने वाचकाला बांधून ठेवण्याची गरज तर दोघांनाही सारखीच होती.

खत्रींची अखेरची मोठी कृती ‘भूतनाथ’. ‘संतति’त दुय्यम म्हणून आलेला, आपला कलंकित भूतकाळ लपविण्यासाठी धडपडणारा हा ऐयार लेखकाच्या हातून निसटून इतका वाढला की त्याची स्वतंत्र जीवनकथा लिहावी लागली. घटनावैचित्र्यापलीकडे येथे काही नाही, हे म्हणणे या पात्रापाशी तरी अपुरे पडते : तिलिस्माइतकाच दुर्भेद्य असा एक अपराधी माणूस येथे उभा आहे. सहा भाग लिहून झाले आणि १९१३मध्ये खत्रींचे निधन झाले. उरलेले भाग त्यांचे पुत्र दुर्गाप्रसाद खत्री यांनी लिहून कथा पूर्ण केली.