लंडनच्या पोपटांची कुळकथा

लंडनच्या उद्यानांत आणि उपनगरांतील परसबागांत थव्यांनी वावरणारा हिरवा पोपट म्हणजे महाराष्ट्रात पेरूच्या बागांवर उतरणारा राघूच होय. नराच्या गळ्याभोवती असलेल्या काळ्या-गुलाबी वलयाला ‘कंठ’ म्हणतात आणि त्यावरून त्याला कंठवाला पोपट असेही नाव आहे. तो तेथे कसा पोहोचला याविषयी दोन आख्यायिका प्रचलित आहेत. ‘द आफ्रिकन क्वीन’ (१९५१) या चित्रपटासाठी आणलेले पक्षी स्टुडिओतून निसटले, असे एक सांगते, तर गिटारवादक जिमी हेंड्रिक्सने कार्नबी स्ट्रीटवर एक जोडी सोडून दिली, असे दुसरी.

या दोन्ही कथा रंजक असल्या तरी पुराव्याला उतरत नाहीत. इंग्लंडमध्ये मोकळ्या पोपटांची वीण नॉरफॉक परगण्यात १८५५ मध्येच नोंदली गेली होती, म्हणजे चित्रपटाचा शोध लागण्याच्याही आधी. गुन्ह्यांच्या स्थळांवरून गुन्हेगाराचे ठिकाण हुडकण्याची भौगोलिक विश्लेषणाची पद्धत पोलीस तपासात वापरली जाते. तीच लंडनच्या क्वीन मेरी विद्यापीठातील संशोधकांनी पोपटांच्या नोंदींना लावली, आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात आख्यायिकांतील स्थळांना आधार मिळाला नाही. उगम एक नसून अनेक असावेत, पिंजऱ्यांतून निसटलेल्या किंवा मुद्दाम सोडलेल्या पक्ष्यांतून ही वस्ती हळूहळू उभी राहिली असावी, हाच निष्कर्ष अधिक सयुक्तिक ठरतो. पोपटांपासून माणसाला होणाऱ्या सिटाकोसिस या श्वसनविकाराची धास्ती १९२९ च्या सुमारास आणि पुन्हा १९५२ मध्ये वृत्तपत्रांनी पसरवली, तेव्हा अनेक मालकांनी पिंजऱ्याची दारे गुपचूप उघडली असण्याचा संभवही याच संशोधकांनी दाखवून दिला.

वंशाचा प्रश्न जनुकीय तपासणीने बराचसा सोडवला. युरोपातील या पोपटांचे पूर्वज प्रामुख्याने पाकिस्तान आणि उत्तर भारत येथील असल्याचे २०१५ मध्ये दिसून आले, म्हणजे कडाक्याचा हिवाळा त्यांना अगदीच अनोळखी नव्हता. त्यात उपनगरांतील रहिवासी परसात टांगत असलेल्या दाण्यांची आयती सोय झाली आणि घरट्यासाठी सुतारपक्ष्यांच्या ढोल्या मिळाल्या. सलग वीण १९६९ पासून केंट परगण्यात सुरू झाली आणि १९८३ मध्ये ब्रिटिश पक्ष्यांच्या अधिकृत यादीत या पोपटाचे नाव दाखल झाले. भारतात मात्र हाच पोपट पिंजऱ्यात ठेवणे वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे.