सुई, माठ आणि तार

घरातल्या ध्वनियंत्राला जोडायच्या वस्तूंनी, म्हणजे जाडजूड तारांनी, सोन्याचा मुलामा दिलेल्या पिनांनी, स्पीकरखाली ठेवायच्या टोकदार पायांनी किंवा खास बनवलेल्या वीजतारांनी, आवाज खरोखर सुधारतो की ऐकणाऱ्याला तसा भास होतो, हा वाद स्टिरिओच्या काळात जन्मला असे सामान्यतः समजले जाते. प्रत्यक्षात तो ग्रामोफोनच्या सुईइतका जुना आहे. त्याचा इतिहास बहुधा लंडन, न्यूयॉर्क किंवा कोलकाता येथील कंपन्यांच्या अंगाने लिहिला गेला. यवतमाळ जिल्ह्यातील दिग्रससारख्या, धावंडा नदीच्या काठी वसलेल्या आणि कापसाच्या व्यापारावर वाढलेल्या गावाच्या अंगाने तो पाहिला, तर मात्र कंपन्यांच्या जाहिरातींत न सापडणारा एक प्रश्न पुढे येतो: आवाज नेमका कोठे बिघडतो हे ठाऊक नसताना तो सुधारणारी वस्तू निवडायची तरी कशाच्या आधारावर?

१९०२ च्या नोव्हेंबरात ग्रामोफोन कंपनीचे ध्वनिमुद्रक फ्रेड गाइसबर्ग यांनी कोलकात्यात हिंदुस्थानी गायनाचे पहिले मोठे ध्वनिमुद्रण केले आणि १९०८ मध्ये सियालदह येथे तबकड्या छापण्याचा कारखाना सुरू झाला. याच वर्षांत वऱ्हाडची घडीही बदलत होती. १८५३ पासून इंग्रजांच्या ताब्यात असलेला हा प्रदेश १९०२ च्या करारान्वये निजामाकडून त्यांच्याकडे कायमच्या पट्ट्याने आला, १९०३ मध्ये मध्य प्रांताला जोडला गेला, आणि कालांतराने मूर्तिजापूर ते यवतमाळ ही दारव्ह्यावरून जाणारी अरुंद रूळमार्गाची रेल्वे, जिला पुढे लोक ‘शकुंतला’ म्हणू लागले, कापूस वाहून नेण्यासाठी धावू लागली. गाठी बाहेर नेणाऱ्या या मार्गाने शहरी वस्तूंची आवक सोपी झाली. संगीत नाटक मंडळ्यांचे मुक्काम अमरावती, अकोला, नागपूर अशा मोठ्या ठिकाणी पडत; तालुक्याच्या गावातील रसिकाला बालगंधर्वांचे पद पुन्हा पुन्हा ऐकायचे असेल तर चावीचा ग्रामोफोन हाच मार्ग होता. पुढे १९३० च्या दशकात मेहकरचे कवी ना. घ. देशपांडे यांची कविता जी. एन. जोशी यांच्या आवाजात तबकडीवर आली आणि भावगीताला श्रोते लाभले, तेव्हा वऱ्हाडातल्याच एका कवीचे शब्द त्याच यंत्रातून ऐकू येऊ लागले.

ही तबकडी कशाची बनलेली असे हे सांगितल्याखेरीज सुईचा वाद उलगडत नाही. पळस, कुसुम, बोर या झाडांवरील किड्यांपासून मिळणारी लाख, दगडाची बारीक पूड, काजळी आणि कापसाचे बारीक तंतू यांच्या मिश्रणातून ती छापली जाई. लाख सर्व घटकांना बांधून ठेवी आणि तंतू तबकडीला चिवटपणा देत. पळसाची रानेही विदर्भाची आणि कापूसही विदर्भाचा, त्यामुळे परदेशी वाटणाऱ्या या वस्तूचा पिंड वऱ्हाडी शेतकऱ्याला अनोळखी नव्हता, हे आवर्जून नोंदवण्यासारखे आहे. दगडाची पूड मात्र एका खास हेतूने घातलेली असे. पोलादी सुई तबकडीवर टेकली की पहिल्या काही फेऱ्यांतच ती पूड सुईचे टोक घासून त्याला खाचेचा आकार देई, म्हणजे नव्या सुईला तबकडी स्वतःच पैलू पाडीत असे. परंतु तीन-चार मिनिटांची बाजू संपेपर्यंत ते टोक इतके झिजे की दुसऱ्या बाजूसाठी नवी सुई लावणे आवश्यक ठरे. जिथे सुयांची डबी जपून पुरवली जाई आणि एकच सुई अनेक बाजूंना चालवली जाई, तिथे बोथट टोक खाचेच्या भिंती खरवडून काढी आणि ते नुकसान कायमचे होई. जुन्या तबकड्या आज खरखरतात त्याचे मोठे कारण हेच आहे, आणि या साऱ्या कहाणीतील ही सर्वांत वेदनादायक गोष्ट आहे, कारण काही पैशांच्या सुईसाठी पुन्हा कधीच न मिळणारे गाणे झिजून गेले.

सुईच्या निवडीने आवाज बदलतो याविषयी मतभेद नव्हता. जाड सुई कंपने अधिक जोराने साउंड बॉक्सकडे, म्हणजे अभ्रकाचा किंवा धातूचा पातळ पडदा बसवलेल्या डबीकडे, पोचवी आणि आवाज मोठा येई. बारीक सुई लवचिक असल्याने आवाज मऊ येई. वाद पेटला तो बांबूच्या सुईवरून. बांबूच्या कांबीला तिरका काप देऊन केलेली ही तंतूंची सुई तबकडीला कमी झिजवते, पण उंच स्वर गिळते, असे एका पक्षाचे म्हणणे होते. पोलादी सुईची चमक ही खोटी कर्कशता आहे, असे दुसऱ्याचे. लंडनमध्ये १९२३ साली निघालेल्या ‘द ग्रामोफोन’ मासिकाच्या पानांवर हा वाद वर्षानुवर्षे चालला, आणि त्याच मासिकात १९२४ मध्ये पर्सी विल्सन यांनी सुई खाचेत कोणत्या कोनाने चालली पाहिजे याचे भूमितीय विवेचन मांडले. विल्सन यांच्या विवेचनाने वादाची दिशा बदलली, कारण ऐकणाऱ्याच्या आवडीऐवजी मोजता येणारा कोन त्यांनी पुढे ठेवला.

कानाला फसवता येते हेही तेव्हाच दिसून आले होते. एडिसन यांच्या कंपनीने १९१५ पासून सुमारे दहा वर्षे अमेरिकेत ‘टोन टेस्ट’ नावाचे जाहीर प्रयोग केले, ज्यांत गायिका आणि तबकडी आलटून पालटून ऐकवल्या जात आणि अंधारलेल्या सभागृहातील श्रोत्यांना फरक ओळखता येत नसे. आजच्या कानाला ती तबकडी अगदीच तोकडी वाटेल, तरी हजारो श्रोते मनापासून फसले, कारण गायिका आपला आवाज यंत्राच्या मापाने आवरून गात असत आणि श्रोत्यांची अपेक्षा उरलेले काम करी. हा प्रसंग श्रोत्यांच्या अप्रामाणिकपणाचा मुळीच नाही; ऐकणे ही स्मृती, अपेक्षा आणि ध्वनी यांची मिळून बनलेली क्रिया आहे, याचा तो पुरावा आहे.

महाराष्ट्रात या प्रश्नाचा विचार यंत्राआधी वाद्यावर झाला होता. मिरजेच्या कारागिरांनी एकोणिसाव्या शतकापासून नावारूपाला आणलेल्या तंबोऱ्याची जवारी, म्हणजे घोडीच्या पृष्ठाला दिलेला अत्यंत सूक्ष्म उतार, आणि तार व घोडी यांच्यामध्ये सरकवलेला सुताचा किंवा रेशमाचा धागा, हे जगातील सर्वांत स्वस्त आणि सर्वांत परिणामकारक ‘जोडसाधन’ म्हणावे लागेल. धागा केसभर सरकला तर तंबोरा मुका होतो किंवा झणझणू लागतो. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१ मध्ये भारतीय तंतुवाद्यांवरील निबंधात याचे कारण दाखवून दिले: तार घोडीच्या वक्र पृष्ठाला क्षणोक्षणी स्पर्श करीत राहते, आणि छेडण्याच्या जागेमुळे जे उपस्वर नाहीसे व्हायला हवेत तेही या स्पर्शामुळे प्रकट होतात. येथे धागा आवाजाच्या उगमाला स्पर्श करतो, म्हणून त्याचा परिणाम कोणालाही, डोळे मिटूनही, ऐकू येतो. याउलट, सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल आणि अर्नेस्ट क्लेमंट्स यांनी बावीस श्रुतींच्या गणितावर उभारलेली हार्मोनियम १९१६ मध्ये बडोद्याच्या अखिल भारतीय संगीत परिषदेत जाणकारांपुढे आली, तेव्हा तिच्या स्वरांना एकमताने मान्यता मिळाली नाही. गणित कागदावर कितीही सुबक असले तरी अखेरचा निवाडा गवयाच्या गळ्यापुढे व्हावा, ही मागणी त्या परिषदेने ठामपणे पुढे आणली.

रेडिओ आल्यावर प्रश्नाचे रूप पालटले. आकाशवाणीचे नागपूर केंद्र १९४८ मध्ये सुरू झाले, आणि विजेचे जाळे १९६० मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र राज्य वीज मंडळाने खेड्यापाड्यांत पसरवले. या काळात ग्रामीण भागात रूढ झालेली एक रीत तज्ज्ञांच्या कौतुकाला पात्र आहे: सुटा स्पीकर मातीच्या माठाच्या तोंडावर बसवणे. उघड्या स्पीकरचा कागदी शंकू पुढे हवा दाबतो तेव्हा मागे ती विरळ होते. या दोन लहरी कडेने वळून एकमेकींना मारतात आणि खर्जाचे स्वर नाहीसे होतात. माठ मागची लहर कोंडून ठेवतो, म्हणून ढोलकीचा किंवा पखवाजाचा घुमारा परत येतो. माठाच्या स्वतःच्या नादाने काही स्वर फुगतात हा त्याचा दोष, परंतु सुधारणा खरी असते आणि तिचे कारण सांगता येते. दिग्रसच्या पंचक्रोशीत सहज मिळणारा कापूस हे असेच दुसरे साधन. सपाट, टणक भिंतींवरून परतणारा आवाज मूळ आवाजात मिसळून शब्द अस्पष्ट करतो. जाड गादी, रजई किंवा भरलेला लोड तंतूंमधील हवेच्या घर्षणाने उंच स्वरांची ऊर्जा शोषून घेतो. जुन्या मातीच्या, धाब्याच्या घरापेक्षा सिमेंटच्या खोलीत आवाज अधिक खणखणतो तो यामुळेच, आणि तेथे एका गादीने जे साधते ते कित्येक महागड्या वस्तूंनी साधत नाही.

वीज आली तरी ती स्थिर नव्हती. साध्या अ‍ॅम्प्लिफायरची शक्ती विजेच्या दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात घटते. २३० व्होल्टऐवजी १८० व्होल्ट मिळाले तर मूळ शक्तीच्या सुमारे ६१ टक्केच उरते, आणि मोठ्या आवाजात गाणे फाटू लागते. म्हणून कापूसपट्ट्यातील घरात स्टॅबिलायझर ही चैन नव्हती. कॅसेटच्या काळात, विशेषतः १९८० नंतर, रेडिओ-टेप दुरुस्त करणारा मेकॅनिक हेडवरची मळी स्पिरिटने पुसत असे आणि बारीक स्क्रू फिरवून हेडची फट फितीच्या चालीला बरोबर काटकोनात आणत असे. तो कोन किंचित ढळला तरी उंच स्वर मंद होतात, आणि जागेवर येताच टाळ, झांजा पुन्हा स्पष्ट वाजू लागतात. या कारागिरीची नोंद ग्रंथांत फारशी झाली नाही, ही खेदाची गोष्ट आहे, कारण ध्वनीच्या शुद्धतेचे ज्ञान गावोगावी याच मंडळींनी टिकवले.

आता तारांकडे वळले तर हिशेब सोपा आहे. तांब्याच्या दीड चौरस मिलिमीटर जाडीच्या तारेने पाच मीटर दूरचा स्पीकर जोडला, तर जाऊन-येऊन दहा मीटरचा विरोध सुमारे ०.११५ ओम होतो. आठ ओमच्या स्पीकरपुढे त्याने सुमारे ०.१२ डेसिबलची घट होते, आणि एवढा फरक गाण्यात कानाला जाणवत नाही. फार बारीक तारेने लांबचा स्पीकर जोडला तर घट वाढते आणि जाड तार घेणे योग्य ठरते. मात्र जाडी पुरेशी झाल्यावर पुढील किंमत आवाजात उतरत नाही. सोन्याचा मुलामा गंजत नाही, म्हणून दमट पावसाळ्यात जोडणी टिकते, पण नव्या, स्वच्छ पिनेपेक्षा तो गोड वाजत नाही. असे दावे तपासण्यासाठी दुहेरी अज्ञात चाचणी वापरली जाते, जिच्यात कोणती वस्तू जोडली आहे हे ऐकणाऱ्यालाही ठाऊक नसते आणि ऐकवणाऱ्यालाही. अमेरिकेतील डेव्हिड क्लार्क यांनी १९८२ मध्ये या पद्धतीचे यंत्र व रीत सविस्तर मांडली. तिची एक अट फार महत्त्वाची आहे: दोन्ही बाजूंचा आवाज अगदी सारख्या पातळीवर आणला पाहिजे, कारण थोडा मोठा आवाज माणसाला मोठा न वाटता अधिक सुंदर वाटतो. महागड्या तारेच्या बाजूने दिलेल्या अनेक प्रामाणिक साक्षी या एका अटीपुढे टिकत नाहीत.

सुईचा प्रश्न मात्र अजून मिटलेला नाही, आणि तो मिटू नये. १९९० मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्ससारख्या संस्थांशी निगडित संग्राहक लाखेच्या तबकड्या आज विजेच्या पिकअपवर वाजवतात. एलपीची हिऱ्याची सुई इंचाच्या एक हजारांश भागाएवढी किंवा त्याहून बारीक असते, तर लाखेच्या तबकडीच्या खाचेसाठी सुमारे तीन हजारांश भागाची सुई लागते. एलपीची सुई त्या खाचेच्या तळाशी लोळते आणि तेथे साचलेली धूळ व खरखर तेवढी वाजवते. निरनिराळ्या कंपन्यांच्या आणि काळांच्या खाचा निरनिराळ्या रुंदीच्या असल्याने जाणकार संग्राहक वेगवेगळ्या मापांच्या सुया जवळ ठेवतो आणि आधीच्या पोलादी सुयांनी जिथवर भिंत झिजवली नाही, त्या उंचीवर टेकणारी सुई शोधतो. ती सापडली की त्याच तबकडीतून, त्याच यंत्रावर, त्याच तारेने जोडलेल्या स्पीकरमधून, शंभर वर्षांपूर्वीच्या गायकाचा श्वासही ऐकू येतो.