मालतीमाधव

मालतीमाधव : भवभूतीचे दहा अंकी संस्कृत प्रकरण. रचनाकाल इ. स. आठव्या शतकाचा पूर्वार्ध. प्रकरण या नाट्यप्रकारात कथानक कविकल्पित असावे व शृंगार हा मुख्य रस असावा, असा नाट्यशास्त्राचा संकेत आहे. भवभूतीने तो पाळला. तथापि प्रणयकथेत स्मशान, नरबली आणि सूड यांना त्याने जे स्थान दिले, ते या प्रकारच्या नाटकांत अपूर्व आहे. या नाटकातील खलपात्रे, विशेषतः कपालकुंडला, संस्कृत नाट्यवाङ्‌मयाच्या इतिहासात स्वतंत्र विचारास पात्र ठरतात.

भवभूती हा विदर्भाचा. आपले पूर्वज दक्षिणापथातील पद्मपूर नगरीचे तैत्तिरीय शाखेचे, काश्यपगोत्री, उदुंबर ब्राह्मण असल्याचे तो सांगतो. पितामह भट्टगोपाल, पिता नीलकंठ, माता जातुकर्णी व गुरू ज्ञाननिधी ही नावेही त्यानेच नोंदविली आहेत. हे पद्मपूर कोठले, हा प्रश्न दीर्घकाळ वादाचा होता. रा. गो. भांडारकर यांनी ते चांद्याच्या (चंद्रपूर) आसपास असावे असा तर्क केला होता. नागपूरच्या मॉरिस महाविद्यालयात संस्कृतचे अध्यापन केलेले म. म. वा. वि. मिराशी (१८९३–१९८५) यांनी आमगावजवळील पदमपूर हेच ते स्थळ, असे प्रतिपादन केले. हे गाव पूर्वी भंडारा जिल्ह्यात होते. १९९९ पासून ते नागपूर विभागातील गोंदिया जिल्ह्यात मोडते. पद्मपुराहून दिलेला वाकाटकांचा एक अपुरा ताम्रपट दुर्ग जिल्ह्यात मिळाला असून या मतास त्याचा मोठा आधार मिळतो. भवभूतीचा उत्कर्ष मात्र विदर्भात झाला नाही. कनौजच्या यशोवर्म्याच्या आश्रयास वाक्पतिराज व भवभूती हे कवी होते, असे कल्हणाच्या राजतरंगिणीत म्हटले आहे. नाटकाचा नायकही कवीप्रमाणेच विदर्भातून उत्तरेस गेलेला आहे, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

विदर्भराजाचा अमात्य देवरात आणि पद्मावतीच्या राजाचा अमात्य भूरिवसू हे सहाध्यायी. आपल्या अपत्यांचा विवाह करावयाचा, असे त्यांनी विद्यार्थिदशेतच ठरविलेले असते. त्यानुसार देवरात आपला पुत्र माधव यास कुंडिनपुराहून पद्मावतीस (ग्वाल्हेरजवळील पवाया) अध्ययनाच्या निमित्ताने धाडतो. माधव व भूरिवसूची कन्या मालती यांचे परस्परांवर प्रेम जडते. परंतु राजाचा मर्जीतला नंदन मालतीला मागणी घालतो व राजा त्याची बाजू घेतो. भूरिवसू उघड नकार देऊ शकत नाही. महाराजांची आपल्या कन्येवर सत्ता आहेच, असे द्व्यर्थी उत्तर तो देतो. त्यातील ‘आपली’ कन्या कोणाची, हे मोघम राहते आणि पुढचा सारा डाव त्या मोघमपणावर उभा राहतो. हा डाव खेळणारी कामंदकी ही वृद्ध बौद्ध परिव्राजिका दोघा अमात्यांच्या विद्यार्थिदशेपासूनच्या परिचयाची आहे. शकुंतला, उर्वशी व वासवदत्ता यांनी स्वतःच वर निवडल्याचे दाखले देऊन ती मालतीचे मन वळविते.

राजा आणि नंदन यांच्यामुळे प्रेमिकांवर संकट ओढवते. पण ते दोघेही रंगभूमीवर येत नाहीत. त्यांच्या इच्छा निरोपांतून, वार्तांतून व आज्ञांतून कळतात. सत्तेचा अन्याय असा अदृश्य ठेवल्याने त्याच्याशी समोरासमोर झगडण्याची सोयच उरत नाही. कपट हाच मार्ग शिल्लक राहतो. माधवाचा मित्र मकरंद मालतीचा वेश घेऊन नंदनाशी लग्न लावतो, हा प्रसंग विनोदी असला, तरी त्यामागील कोंडी विनोदी नाही. वेषांतरित वधूचे हे कथाबीज कथासरित्सागरातील मदिरावतीच्या कथेतही आढळते. ते मूळ बृहत्कथेतील असावे.

दुसरे खलत्व स्मशानातले आहे. मालती नंदनास दिली जाणार हे कळताच हताश माधव पिशाचांना नरमांस विकून इष्टसिद्धी साधावी, म्हणून रात्री स्मशानात जातो. तेथील कराला देवीच्या मंदिरातून आर्त हाक ऐकू येते. अघोरघंट हा कापालिक मंत्रसिद्धीच्या पूर्ततेसाठी मालतीचा बळी देण्याच्या बेतात असतो. माधव त्याला ठार करतो. पाचव्या अंकातील हे वर्णन बीभत्स व भयानक रसांचा उत्कृष्ट नमुना मानले जाते. दीर्घ समासांचा सोस भवभूतीला अन्यत्र बाधतो. येथे मात्र तो कामी आला आहे.

अघोरघंट हे पात्र तसे ठोकळेबाज आहे. मालतीविषयी त्याला द्वेष नाही. ती त्याच्या दृष्टीने केवळ बलिद्रव्य आहे. त्याची शिष्या कपालकुंडला हिचे तसे नाही. गुरूच्या वधानंतर, सहाव्या अंकाच्या आरंभी, ती सूडाची प्रतिज्ञा करते. तिचा संताप दुहेरी आहे. गुरू मारला गेला हे एक. दुसरे असे, की ती स्वतः निर्दयपणे प्रहार करीत असतानाही माधवाने स्त्री म्हणून तिची गणनाच केली नाही. नायकाचे औदार्य प्रतिपक्षाला अवहेलना वाटावे, हे मानसशास्त्रीय निरीक्षण सूक्ष्म आहे. आठव्या अंकात ती एकट्या सापडलेल्या मालतीला पळवून श्रीपर्वतावर नेते. सूड माधवावर, शिक्षा मालतीला! आपल्या जिव्हाळ्याचे माणूस गेले, तसे त्याचेही जावे, हा तिचा हिशेब आहे. पुढे कामंदकीची पूर्वशिष्या सौदामिनी आपल्या योगसामर्थ्याने मालतीला वाचविते. शेवटी राजाही संमती देतो व मकरंदाला नंदनाची बहीण मदयंतिका मिळते. कपालकुंडलेचा वध मात्र कवीने दाखविलेला नाही.

कापालिक हे काल्पनिक भूत नव्हते. भैरव व चामुंडा यांची उपासना करणाऱ्या या शैव पंथाचे उल्लेख सातव्या शतकापासून विपुल मिळतात. नासिक जिल्ह्यात इगतपुरीजवळचे एक गाव कपालेश्वराच्या पूजेसाठी व तेथील महाव्रतींसाठी दिल्याचा, चालुक्य नागवर्धनाच्या नावाचा ताम्रपट उपलब्ध आहे. महेंद्रवर्म्याच्या मत्तविलास प्रहसनातील कापालिक हास्यास्पद आहे. भवभूतीने त्याला भयंकर केले. ही सर्व चित्रे पंथाबाहेरच्यांनी रेखाटलेली आहेत. पंथाचे स्वतःचे ग्रंथ टिकले नसल्याने त्यांवरून पंथाचा आचार ठरविताना सावधगिरी हवी.

दशरूपकात प्रतिनायकाची लोभी, उद्धत, पापी, व्यसनी अशी लक्षणे दिली आहेत. त्याच्या दुःखाला तेथे जागा नाही. मृच्छकटिकातील शकार या लक्षणांत बसतो : त्याला वसंतसेना हवी असते, ती मिळत नाही, म्हणून तो तिचा गळा दाबतो. कपालकुंडला या चौकटीत मावत नाही. भवभूतीच्या तीन नाटकांचा सामान्यतः मानला जाणारा क्रम लावल्यास हा फरक अधिक स्पष्ट होतो. महावीरचरितात रावणाचा अमात्य माल्यवान सूत्रे हलवितो. तेथे वैर हे राजकारण आहे. मालतीमाधवात ते व्यक्तिगत शोकातून उद्‌भवते. उत्तररामचरितात तर खलपात्रच नाही. लोकापवाद आणि रामाचे कर्तव्य एवढ्यानेच सीतेचा वनवास घडतो, आणि वियोगाचे दुःख तेथेच सर्वाधिक गहिरे आहे.

नाटकात दोषही आहेत. कथानक दोन ठिकाणी संपल्यासारखे होते. विदूषक नसल्यामुळे ताण सैल होत नाही, आणि नवव्या अंकातील माधवाचा विलाप लांबला आहे. मेघाला निरोप सांगण्याची त्यातील कल्पना मेघदूताची आठवण करून देते व त्या तुलनेत फिकी पडते.

एच्. एच्. विल्सन यांनी १८२७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या इंग्रजी अनुवादाने मालतीमाधव यूरोपीय वाचकांपुढे आले. त्यानंतर शेक्सपिअरच्या रोमिओ अँड ज्यूलिएटशी त्याची तुलना रूढ झाली. विरोधातले प्रेम, गुप्त विवाह, मदतीला आलेली धर्मपरायण व्यक्ती एवढे साम्य खरे आहे. परंतु शेक्सपिअरच्या नाटकात वैर दोन घराण्यांचे आहे, येथे घराणी एकमेकांच्या बाजूची आहेत. कृष्णशास्त्री राजवाडे यांनी केलेले मराठी भाषांतर १८६१ मध्ये निघाले. भांडारकरांनी जगद्धराच्या टीकेसह संपादिलेली संहिता १८७६ मध्ये मुंबई संस्कृत मालेत प्रसिद्ध झाली. बंकिमचंद्र चतर्जींनी आपल्या कादंबरीला (१८६६) कपालकुंडला हेच नाव दिले. त्यांची कपालकुंडला मात्र कापालिकाच्या सहवासात वाढलेली नायिका असून, ती बळी जाणाऱ्या तरुणाला सोडविते. [⟶ भवभूति].