गरगरण्याचे मूळ अंतर्कर्णात

‘चक्कर आली’ हे दोन शब्द ऐकून इंदूरच्या मराठी घरात लिंबू-सरबत पुढे केले जाते. अन्यत्रही वेगळे घडत नाही. परंतु डोळ्यांपुढे अंधारी येणे निराळे आणि भोवतालची खोली गरगर फिरू लागणे निराळे. पहिल्याचे कारण बहुधा रक्तदाबात सापडते, दुसऱ्याचे पुष्कळदा कानात.

कवटीच्या शंखास्थीत कोरल्यासारखा असलेला अंतर्कर्ण केवळ ऐकण्यासाठी नाही. त्यातील तीन अर्धवर्तुळाकार नलिका एकमेकींशी जवळपास काटकोन करून असतात. डोके वळले की आतला द्रव क्षणभर मागे रेंगाळतो, नलिकेच्या फुगीर टोकातील मऊ पडदा वाकतो आणि मेंदूला वळण्याची वर्दी मिळते. शेजारच्या दोन पिशव्यांत कॅल्शियम कार्बोनेटचे, म्हणजे खडूच्याच द्रव्याचे, सूक्ष्म स्फटिक असतात. त्यांच्या भारामुळे खाली-वर कळते.

वाढत्या वयात किंवा डोक्याला मार लागल्यावर हे स्फटिक सुटून नलिकेत, बहुधा मागच्या नलिकेत, शिरतात. मग कूस बदलताच ते घरंगळतात व द्रव ढवळतो. डोके थांबलेले असते, पण कान मेंदूला ते फिरत असल्याचे सांगत राहतो, डोळेही थरथरतात. हा झटका सहसा मिनिटाच्या आत ओसरतो. ‘बीपीपीव्ही’ म्हणतात तो हाच विकार. मानेच्या मणक्यांना किंवा पित्ताला दोष देत महिनोन्‌महिने गोळ्या घेणारे अनेक असतात. गोळीने मळमळ शमेल, स्फटिक जागचा हलणार नाही. उतारवयात अशा एखाद्या झटक्याने पडून खुब्याचे हाड मोडणे ही मात्र खरी भीती.

डिक्स आणि हॉलपाइक यांनी १९५२ मध्ये वर्णिलेल्या चाचणीत रुग्णाला मान वळवून झटकन आडवे करतात व डोळ्यांची थरथर पाहतात. एप्ली यांची १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेली पद्धत डोके क्रमाने वळवून स्फटिक पुन्हा पिशवीत उतरवते. १८७८ पासून वैद्यकीय शिक्षणाची परंपरा असलेल्या इंदुरात काय किंवा गावच्या दवाखान्यात काय, त्यासाठी यंत्र लागत नाही. खाट आणि जाणते हात पुरतात. मानेचा गंभीर आजार असल्यास ते आधी सांगावे.

घेरी तासन्‌तास टिकून कानात आवाज व बहिरेपणा येत असेल, तर १८६१ मध्ये मेनिएर यांनी अंतर्कर्णाशी जोडलेल्या विकाराचा विचार करावा लागतो. बोलणे अडखळणे, वस्तू दोन दिसणे, हातापायातील बळ जाणे किंवा उभेच राहता न येणे यांपैकी काही घेरीबरोबर आले, तर तो पक्षाघात असू शकतो. तेव्हा विनाविलंब रुग्णालय गाठावे.