दोन नावांचे शहर आणि अडीच मिनिटांचे गाणे

उत्तर आयर्लंडमध्ये फॉइल नदीच्या काठी एक जुने शहर आहे. त्याला नावे दोन. कॅथलिक लोक त्याला डेरी म्हणतात. प्रॉटेस्टंटांपैकी पुष्कळ जण लंडनडेरी म्हणतात. १६१३ साली इंग्लंडच्या राजाने हा मुलूख लंडनच्या व्यापारी संघांच्या हवाली केला आणि जुन्या नावाच्या डोक्यावर 'लंडन' येऊन बसले. त्याच सुमारास बांधलेला तट आजही शाबूत आहे. पण त्या एका शब्दाचे भांडण चारशे वर्षांत मिटलेले नाही. तिथे तुम्ही गावाचे नाव काय घेता यावरून ऐकणारा तुमचा धर्म ओळखू पाहतो.

१९६० नंतरच्या दशकाच्या अखेरीस हे भांडण पेटले आणि तीस वर्षे धुमसत राहिले. त्यात साडेतीन हजारांहून अधिक माणसे मेली. ३० जानेवारी १९७२ या दिवशी डेरीच्या बॉगसाइड वस्तीत नागरी हक्कांच्या मोर्चावर ब्रिटिश सैनिकांनी गोळीबार केला. तेरा जण त्याच दिवशी गेले, चौदावा पुढे दगावला. ते लोक निरपराध होते हे सरकारी चौकशीच्या अहवालातून मान्य व्हायला २०१० साल उजाडावे लागले.

वाचकहो, दिवाळीच्या फराळाबरोबर ही रक्ताची कहाणी कशाला, असे तुम्ही विचाराल. मला सांगायची आहे ती गोष्ट पाच मुलांची. पण ती मुले कुठल्या रस्त्यावरून शाळेत जात होती हे ठाऊक नसेल, तर त्यांच्या गाण्याचे मोल कळणार नाही.

जॉन आणि डेमियन ओ'नील हे दोघे भाऊ, मिकी ब्रॅडली, बिली डोहर्टी आणि गाणारा फर्गल शार्की. १९७०नंतरच्या त्या दिवसांत बाहेरचे वादक उत्तर आयर्लंडमध्ये यायला धजत नसत. ३१ जुलै १९७५च्या रात्री कार्यक्रम आटोपून परतणाऱ्या 'मायामी शोबँड' या लोकप्रिय मंडळींची गाडी रस्त्यात अडवून तिघा वादकांना ठार मारण्यात आले होते. मग गाणे ऐकायचे कोणाचे? ज्याचे त्याने करावे आणि आपणच ऐकावे! या मुलांनी तेच केले. 'अंडरटोन्स' हे नाव घेऊन ती 'कॅसबा' नावाच्या एका लहानशा मद्यगृहात वाजवू लागली.

नेमके त्याच सुमारास, १९७६-७७ साली, न्यूयॉर्क आणि लंडनहून 'पंक' नावाचे वारे सुटले होते. आपल्याकडच्या कानांना तो निव्वळ गोंगाट वाटेल. तीन-चार स्वरमेळ, भरधाव लय, घशाच्या शिरा ताणून गाणे. मात्र त्यामागचा विचार साधा होता : वाजवण्यासाठी पंडित असावे लागत नाही, सांगण्यासारखे काही असले म्हणजे पुरे. लंडनची पोरे फाटके कपडे घालून, त्यांना टाचण्या टोचून हिंडत. डेरीची ही मुले मात्र घरचे लोकरी स्वेटर घालूनच रंगमंचावर चढली.

१९७८ साली बेलफास्टमधील तबकड्यांचे दुकानदार टेरी हूली यांनी आपल्या 'गुड व्हायब्रेशन्स' या चिमुकल्या संस्थेतर्फे त्यांची तबकडी काढली. तीत जॉन ओ'नीलने लिहिलेले 'टीनेज किक्स' हे गाणे होते. लांबी जेमतेम अडीच मिनिटे. त्या सप्टेंबरात बीबीसीवर जॉन पील यांनी ते लावले, संपताच पुन्हा लावले. इतके ते त्यांच्या मनात भरले! २००४ साली पील वारले. त्यांच्या थडग्याच्या दगडावर याच गाण्यातील शब्द कोरलेले आहेत.

गाण्याचा विषय काय? एका मुलाला एक मुलगी आवडते, बस्स. बंदूक नाही, सैनिक नाही, धर्म नाही. १९८० साली त्यांचे 'माय परफेक्ट कझिन' गाजले. ते तर आपल्या घरातलेच वाटावे. अभ्यासात पहिला, खेळात पहिला, आईचा लाडका असा एक आतेभाऊ आणि त्याच्या नावाने रोज टोमणे खाणारा बिचारा कवी! दिवाळीला असा आतेभाऊ ज्यांच्या घरी येतो, त्यांना मी अधिक काय सांगावे?

पण याच गोष्टीवरून त्यांच्यावर टीका झाली. तुमचे गाव जळते आहे आणि तुम्ही चॉकलेटांची आणि पोरींची गाणी काय गाता? शेजारच्या बेलफास्टमधील 'स्टिफ लिटल फिंगर्स' तर बाँब आणि तपासणीनाक्यांवरच गात होते. आरोप सहज झटकण्यासारखा नाही. मुलांना काही कळत नव्हते असेही नाही. १९८१ साली तुरुंगात दहा कैद्यांनी अन्नत्याग करून प्राण दिले. त्यांतला पहिला, बॉबी सँड्स, मे महिन्यात गेला, तेव्हा डेमियन ओ'नील दूरदर्शनच्या कार्यक्रमात दंडाला काळी फीत बांधून वाजवत होता. पुढे १९८३ साली मंडळी फुटली आणि दोघा भावांनी 'दॅट पेट्रोल इमोशन' हा नवा संच काढला, त्यात राजकारण उघड उघड आले.

१९९८च्या एप्रिलमध्ये शांततेचा करार झाला. पुढच्याच वर्षी 'अंडरटोन्स' पुन्हा एकत्र आले. शार्की मात्र परतला नाही. त्याच्या जागी पॉल मॅकलून हा डेरीचाच गायक उभा राहिला.

त्यांना त्यांच्याच गावात ऐकण्याचा योग मला काही वर्षांपूर्वी आला. माझी पुतणी तिकडच्या इस्पितळात डॉक्टर आहे. "काका, खिशात कापूस ठेवा," एवढाच सल्ला देऊन तिने मला सभागृहात नेले. कापूस लागलाच! पण गाण्यापेक्षा मी माणसे पाहत होतो. टक्कल पडलेले, पोट सुटलेले गृहस्थ, चष्मेवाल्या आजीबाई, आणि त्यांच्या शेजारी त्यांची विशीतली मुले. 'टीनेज किक्स' सुरू झाले आणि ही सारी मंडळी जागच्या जागी उड्या मारू लागली. मॅकलूनचा आवाज ऐकूच येईना. गाणे सभागृहच गात होते.

शेजारच्या गृहस्थांना मी धीर करून विचारले, "तुम्ही त्या काळीही यांना ऐकलेत?" ते म्हणाले, "हो. येताना सैनिकांनी झडती घेतली, जाताना पुन्हा घेतली. मधला तास-दीड तास तेवढा मी सतरा वर्षांचा होतो."

टीकाकारांना याहून नेमके उत्तर मला सुचत नाही. त्या गावात दुःखाची गाणी सर्वत्र होती, भिंतीसुद्धा त्यांनीच रंगलेल्या होत्या. सतरा वर्षांच्या पोराला सतरा वर्षांचे राहू देणारी जागा तेवढी कुठे नव्हती. ती या पाच जणांनी करून दिली. ज्यांना ती मिळाली ते आज साठी ओलांडून माझ्या शेजारी घामाघूम उभे होते.

परतताना आम्ही २०११ साली बांधलेल्या शांतिपुलावरून चालत नदी ओलांडली. पलीकडे एब्रिंग्टनची जुनी लष्करी छावणी आहे. सैन्य केव्हाच गेले. आता ते मोकळे पटांगण आहे. पुतणी म्हणाली, "इथेही गाण्याचे जलसे होतात हं, काका." मागून पोराटोरांचा एक घोळका तेच गाणे ओरडत येत होता. त्यांतले कोण डेरीवाले आणि कोण लंडनडेरीवाले, हे आवाजावरून काही ओळखता येईना.