पहिली काठी: गोल्फच्या संचाची उलटी गोष्ट

१/६
भोर-वेल्ह्याच्या खोऱ्यांत विटीदांडूचा दांडू बाजारातून येत नसे. झाडाची सरळ फांदी तोडून तो घरीच तासला जाई. हाताला बसला की खेळ सुरू. श्रीमंतांचा मानल्या गेलेल्या गोल्फचा इतिहासही याहून फार वेगळा नाही.

२/६
मुंबईत गोल्फ क्लब स्थापन झाला १८४२ साली. खेळणारे साहेब, काठ्यांची पिशवी वाहणारे कॅडी मात्र इथलेच.

३/६
काठ्या किती असाव्यात, यावर तेव्हा बंधन नव्हते. १९३० च्या दशकात काही खेळाडू वीसहून अधिक काठ्या बाळगू लागले. अखेर अमेरिकेत १९३८ मध्ये आणि ब्रिटनमध्ये १९३९ मध्ये १४ काठ्यांची मर्यादा आली.

४/६
वास्तविक १९१६ मध्येच चिक एव्हान्सने यूएस ओपन अवघ्या ७ काठ्यांनिशी जिंकली होती. बालपणी तो कॅडी होता. स्पेनचा सेवे बॅलेस्टेरोसही कॅडीच. तीन नंबरच्या एकाच आयर्नवर त्याचा हात घडला. १९७९ मध्ये तो ब्रिटिश ओपनचा विजेता ठरला.

५/६
चेंबूरच्या गोल्फ क्लबजवळील वस्तीत कॅडी मुलांनी बांधकामाची सळई वाकवून काठी केली, प्लास्टिकचा चेंडू घेतला आणि गल्लीचेच मैदान केले. कुंपणापलीकडचे हिरवे मैदान त्यांना ओझे वाहण्यापुरतेच खुले होते.

६/६
म्हणून नवशिक्याला एक वुड, दोन-तीन आयर्न, एक वेज आणि एक पटर पुरेसे. १४ ही कमाल मर्यादा आहे. प्रवेशाची अट नव्हे.