जुनेर : एका न नोंदलेल्या वस्त्राचा इतिहास

वस्त्रांच्या इतिहासावर मराठीत बरेच लिहिले गेले आहे. पैठणी, पगडी-पागोटी, लुगड्यांचे काठ यांचे अभ्यास झाले. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा खानदेशावरील बारावा खंड १८८० साली निघाला. कोणत्या जातीचे स्त्री-पुरुष काय नेसत, काय पांघरत हे त्यात वाचायला मिळते. मात्र ते लुगडे किंवा धोतर फाटल्यावर त्याचे पुढे काय होई, हा प्रश्न कोणा साहेबाने विचारला नाही आणि आपल्या अभ्यासकांनीही विचारला नाही. खरे तर सुती कापडाचे दुसरे आयुष्य फाटल्यानंतरच सुरू होई. त्यातली गोधडी, चौघडी, दुपटे, भांड्याचे फडके ही कामे सर्वांना ठाऊक आहेत. एक काम मात्र असे होते की त्याचे नाव काढायलाही घरात संकोच वाटे. म्हातारपणामुळे, आजारामुळे किंवा बाळंतपणातल्या इजेमुळे ज्या मोठ्या माणसाला लघवी आवरत नाही, त्याला बांधायचे कापड.

भाषाच पाहा. तान्ह्या बाळाच्या कापडाला बाळोते, दुपटे, लंगोट अशी नावे आहेत. ते अंगणातल्या दोरीवर सर्वांसमोर वाळते. मोठ्या माणसाच्या कापडाला स्वतंत्र नाव नाही. आमच्या तळोद्याच्या परिसरात 'फडके' म्हणून वेळ निभावतात आणि ते गोठ्याच्या मागच्या दोरीवर वाळते. ज्याला नाव नाही त्याची नोंद होत नाही, आणि ज्याची नोंद नाही ते ज्ञान एका पिढीत नाहीसे होते. या लेखाचा विषय ते ज्ञान आणि ते नाहीसे होण्याची कारणे हा आहे.

मी या विषयाकडे का वळलो तेही सांगतो. प्रोस्टेटच्या शस्त्रक्रियेनंतर माझा लघवीवरचा ताबा कमी झाला. अशा शस्त्रक्रियेनंतर असे होऊ शकते, हे डॉक्टरांनी आधीच सांगितले होते. तीन वर्षे मी सुती कापड वापरतो आणि स्वतः धुतो. त्यामुळे जुन्या माणसांना मी प्रश्न विचारले ते अभ्यासक म्हणून, आणि गरजू म्हणूनही. मी माझे आधी सांगितले की समोरचेही मोकळे होत.

ग्रंथांतली साक्ष

सुश्रुताने मूत्राघाताचे १२ प्रकार सांगितले आहेत, म्हणजे दुखणे प्राचीन आहे. कापडाबद्दलची सर्वांत उपयोगी साक्ष मला चरकसंहितेत मिळाली, तीही बाळाच्या संदर्भात. शारीरस्थानाच्या आठव्या अध्यायात म्हटले आहे की बाळाचे अंथरूण-पांघरूण मऊ, हलके व स्वच्छ असावे. मलमूत्राने भरलेले टाकून द्यावे. दुसरे मिळण्याजोगे नसेल तर तेच उत्तम धुऊन, धुरी देऊन, कोरडे करून पुन्हा वापरावे. पुढे धुरीची द्रव्येही येतात. जव, मोहरी, हिंग, गुग्गुळ, वेखंड वगैरे.

'दुसरे मिळण्याजोगे नसेल तर' हे शब्द मला फार महत्त्वाचे वाटतात. ग्रंथकाराला गरिबाचे घर ठाऊक होते. धुणे, धुरी आणि कोरडेपणा हा क्रमही त्याने नेमका सांगितला. बाळंतिणीच्या खोलीत शेगडीवर डालगे पालथे घालून त्यावर दुपटी सुकवण्याची आपली रीत याच क्रमाशी जुळते.

गाठोडे

प्रत्येक घरात जुनेराचे एक गाठोडे असे. मऊ झालेले धोतर, नऊवारीचा मधला भाग, विरलेला पंचा, सगळे त्यात जाई. हे कापड मुद्दाम जुनेच का घेत, याला शास्त्रीय कारण आहे. कोऱ्या कापडावर खळ असते आणि कापसाच्या तंतूवर नैसर्गिक मेणाचा पातळ थर असतो. त्यावरून पाणी ओघळते. शंभर धुण्यांनी खळ आणि मेण दोन्ही जातात, तंतू फुलतात आणि कापड पाणी पिऊ लागते. 'पाणी पिणारे कापड' हा शब्दप्रयोग मी तीन वेगवेगळ्या घरांत ऐकला.

पुरुषाला ते लंगोटासारखे बांधत. पट्टीची लांब घडी करून पुढून मागे घ्यायची आणि दोन्ही टोके करदोट्यात खोचायची. बाईला पातळाच्या आत कासोट्याच्या अंगाने. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला बांधतच नसत. खाली चार पदरांची घडी, तिच्याखाली गोणपाट. सेफ्टी पिन न्यूयॉर्कच्या वॉल्टर हंटने १८४९ साली काढली, पण आमच्याकडच्या जुन्या माणसांच्या आठवणीत पिनेपेक्षा करदोटाच अधिक आहे. स्कॉटलंडच्या चार्ल्स मॅकिंटॉशने १८२३ साली रबर लावलेल्या कापडाचे पेटंट घेतले. त्याचे नाव मात्र खेड्यापर्यंत पोहोचले आहे. दवाखान्यातल्या रबरी चादरीला नर्सबाई आजही 'मॅकिंटॉश'च म्हणतात.

खानदेश कापसाचा मुलूख. १८६१ ते १८६५ या अमेरिकन यादवी युद्धाच्या काळात येथल्या कापसाला सोन्याचा भाव आला. १९०० च्या सुमारास तापी खोऱ्यातली रेल्वे झाली आणि नंदुरबारपर्यंत गिरणीचे कापड स्वस्तात येऊ लागले. म्हणून गाठोडे सर्वांच्या घरी सारखे होते असे मात्र नाही. सातपुड्याच्या पाड्यांवर ज्या घरात वर्षाला एखादेच लुगडे येई, तेथे जुनेर उरणार कुठून? अंगावरचेच फाटेपर्यंत वापरायचे. एका वृद्ध बाईंनी सांगितले, त्यांच्या सासूला शेवटच्या दिवसांत गोणपाटाखाली चाळलेल्या राखेचा थर देऊन निजवत आणि राख रोज बदलत. १९४३ साली कापडावर सरकारी नियंत्रण आले तेव्हा ही टंचाई बऱ्या घरांनाही कळली. 'कंट्रोलच्या काळात चिंधीसुद्धा मोजून ठेवायचो' हे वाक्य मी गुजर वस्तीत ऐकले.

धुणे

हे कापड परिटाकडे देत नसत. ते घरातच धुतले जाई आणि बहुतेक वेळा सुनेच्या हातून. त्यासाठी वेगळे घमेले, वेगळी काठी. धुतल्यावर तिने अंघोळ केल्याशिवाय चुलीकडे जायचे नाही, हा सोवळ्याचा नियम. म्हणजे पहाटे धुणे, मग अंघोळ, मग स्वयंपाक, आणि सगळ्याला पाणी विहिरीवरून तिनेच आणलेले. या वस्त्राच्या इतिहासात सर्वांत जास्त श्रम ज्यांचे, त्यांचे नाव कोठेच नाही.

रीत अशी. मळलेले कापड आधी गार पाण्यातून काढायचे. गरम पाण्याने डाग बसतो. मग राखेच्या निवळीत भिजवायचे. राखेतला खार म्हणजे मुख्यतः पोटॅशियम कार्बोनेट. तो तेलकटपणा तोडतो. त्यानंतर रिठ्याचे पाणी, आठवड्यातून एकदा उकळी, दोन-तीन पाण्यांत खळबळणे आणि कडक ऊन. पुढे ५०१ बार आला, १९५९ साली सर्फ आणि १९६९ साली अहमदाबादची निरमा. राख मागे पडली, क्रम तोच राहिला.

क्रमामागचे कारण नंतर प्रयोगशाळेत कळले. लघवीतल्या युरियापासून काही जंतू अमोनिया तयार करतात. उग्र वास त्याचाच आणि कातडी सोलवटते त्यातही त्याचा हात असतो. बाळांच्या बाबतीत हे अमेरिकेतील डॉ. जे. व्ही. कुक यांनी १९२१ साली दाखवले. उकळी आणि ऊन यांनी आपल्या आज्या त्याच जंतूंचा बंदोबस्त करत होत्या.

बायकांचे स्वतःचे दुखणे आणखी आत दडलेले होते. बाळंतपण अडून राहिले तर मूत्राशय आणि योनिमार्ग यांच्यामध्ये छिद्र पडू शकते. मग लघवी सतत गळत राहते. तरुण वयात असे झालेली बाई आयुष्यभर कापड बांधून, कोपऱ्यात बसून काढी. हे छिद्र शस्त्रक्रियेने बुजवता येते, पण त्यासाठी आधी बोलावे लागते. डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीतील दोन गावांच्या ६५० स्त्रिया तपासून १९८९ साली 'लॅन्सेट'मध्ये निष्कर्ष छापले. ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोगाची काही ना काही तक्रार होती आणि पूर्वी तशी तपासणी झालेल्या स्त्रिया जेमतेम ८ टक्के. गडचिरोली आमच्यापासून दूर आहे, पण न बोलण्याची रीत तीच.

गाठोडे रिकामे झाले

डायपर आले म्हणून कापड गेले, असे सर्रास म्हटले जाते. माझ्या नोंदींवरून क्रम उलटा दिसतो. आधी घरातले सुती जुनेर संपले.

१९७० नंतर टेरिलीन, टेरिकॉट, नायलॉन आले. आमच्या भागाला सुरत जवळ. तिथल्या यंत्रमागांवरच्या कृत्रिम धाग्याच्या साड्या स्वस्त, रंगाला पक्क्या, चटकन वाळणाऱ्या. बायकांनी त्या आनंदाने घेतल्या आणि का घेऊ नयेत? नऊवारी धुऊन वाळवण्याचे कष्ट त्यांनाच ठाऊक. धोतराच्या जागी पँट आली. पण नायलॉनची साडी फाटली तरी पाणी पीत नाही. त्याच सुमारास बोहारीण स्टीलची भांडी घेऊन दारात येऊ लागली. उरलेसुरले सुती लुगडे एका डब्यावर किंवा दोन वाट्यांवर गेले. १९९० पर्यंत बहुतेक घरांतले गाठोडे रिकामे झाले होते. म्हाताऱ्याला बांधायला कापड शोधावे तर पॉलिस्टरचा बेडशीट हाती येई. त्यावर कातडी सोलवटे आणि लोक म्हणत, 'कापड सोसत नाही.' कापड सोसत होते. ते कापड राहिले नव्हते.

या रिकाम्या जागेत दुकानातला डायपर आला. अमेरिकेत मॅरियन डोनोव्हन यांनी १९४६ साली न्हाणीघराचा पडदा कापून बाळासाठी पाणी न झिरपणारे आवरण शिवले. १९६१ साली पॅम्पर्स निघाले. १९८० च्या दशकात पाणी धरून ठेवणारी रासायनिक भुकटी वापरात आली आणि डायपर पातळ झाला. मोठ्यांचा डायपर आमच्याकडच्या मेडिकल दुकानांत गेल्या वीसेक वर्षांत रुळला.

त्याने सोय झाली हे नाकारण्यात अर्थ नाही. प्रवासात, लग्नकार्यात मीही तो वापरतो. अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या घरी रात्रीपुरता तो असला तर सुनेला झोप मिळते. पण हिशेब करा. आमच्याकडे एक डायपर ३५ ते ५० रुपयांना पडतो. दिवसाला तीन धरले तर महिन्याला ३,१५० ते ४,५०० रुपये. श्रावणबाळ योजनेचे निवृत्तिवेतन महिन्याला १,५०० रुपये आहे. सॅनिटरी नॅपकिनवरचा जीएसटी जुलै २०१८ मध्ये पूर्ण माफ झाला. रुग्णांच्या डायपरवरचा सप्टेंबर २०२५ मध्ये १२ वरून ५ टक्क्यांवर आला, पण आहेच. परिणाम असा की गरीब घरात एकच डायपर दिवसभर ठेवतात. मग जखमा होतात. वापरलेला डायपर गुंडाळून वेगळा द्यावा, असे घनकचऱ्याचे नियम सांगतात. पाड्यावर कचरागाडीच येत नाही, तो नाल्यात जातो.

आजचा व्यवहार

म्हणून जुन्या माणसांकडून मिळालेले आणि स्वतः पडताळलेले येथे लिहून ठेवतो.

कापड मांजरपाट किंवा शुद्ध सुती पंचा घ्यावे आणि वापरण्याआधी चार-पाच वेळा गरम पाण्यातून काढावे. माझ्याकडे २४ घड्या आहेत. दिवसाला सहा-सात लागतात आणि पावसाळ्यात दोन दिवस वाळत नाहीत, म्हणून इतक्या. दिवसा सहा पदर, रात्री दहा. वरून घट्ट सुती चड्डी. बाहेर जाताना तिच्यावर प्लॅस्टिकची, पण घरी नको, कारण घाम कोंडतो. तीन तासांनी बदलावे, ओले जाणवले तर लगेच. अंग पाण्याने पुसून कोरडे करावे. तेल किंवा मलम अगदी पातळ लावावे. ते घडीत उतरले तर घडी पाणी पीत नाही.

मळलेल्या घड्या झाकणाच्या कोरड्या बादलीत ठेवाव्यात. शौच लागले असेल तर ते आधी संडासात झटकावे. गार पाणी, मग गरम पाणी आणि धुण्याचा सोडा, मग भरपूर साधे पाणी. बोअरच्या जड पाण्यात साबणाचा चिकट थर कापडावर बसतो. महिन्याभराने घडी पाणी पिईनाशी झाली तर साबण न घालता दोनदा उकळावी. कापड मऊ करणारी द्रावणे वापरू नयेत. पावसाळ्यात शेवटी इस्त्री फिरवावी. दमट घडीने नायटा होऊ शकतो.

पाणी कमी पिऊ नये. घट्ट लघवी अधिक जळजळते. डॉ. आर्नोल्ड केगल यांनी १९४८ साली सांगितलेला ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आवळण्याचा व्यायाम डॉक्टरांना विचारून करावा. आपल्याकडच्या मूलबंधाशी तो जुळतो. लघवीत रक्त दिसले, ताप आला किंवा कातडी फुटली तर कापडाचा विचार बाजूला ठेवून दवाखाना गाठावा.

आणि धुणे शक्यतो ज्याचे त्याने धुवावे. पुरुषाने तर नक्कीच. हात चालतात तोवर सुनेवर टाकू नये.

उद्योग म्हणूनही याचा विचार व्हावा. १९९९ साली सुरू झालेल्या 'गूंज' संस्थेने शहरातले सुती जुने कपडे गोळा करून त्यांचे पाळीसाठीचे पॅड बनवले. संस्थेचे संस्थापक अंशू गुप्ता यांना २०१५ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. शिवणयंत्र असलेल्या आमच्या बचत गटांना वृद्धांच्या घड्या शिवणे अवघड नाही. त्यासाठी नवे तंत्र लागत नाही. हवे ते सुती कापड, मापे आणि हा शब्द उच्चारण्याची तयारी.

वाचकांकडे एक मागणे आहे. तुमच्या घरातल्या सत्तरी ओलांडलेल्या बायकांना विचारा, सासू-सासऱ्यांचे शेवटचे दिवस त्यांनी कसे काढले, कापड कुठले होते, कशाने धुतले, कुठे वाळवले. त्या आधी 'हे काय विचारायचं?' म्हणतील. थोडे थांबा. मग जे सांगतील ते तारीख घालून वहीत लिहा. हे दस्तऐवज कोणत्याही दप्तरखान्यात नाहीत. ते त्यांच्या हातांत आहेत, आणि ते हात थकत चालले आहेत.